पबएमएलएसटी: रुग्णालयातील जीवाणूंचे वंश ओळखणाऱ्या डेटाबेसचे परीक्षण

अतिदक्षता विभागातील दोन रुग्णांच्या नमुन्यांत एकाच आठवड्यात क्लेब्सिएला न्यूमोनिए सापडतो, दोन्ही जीवाणूंचा प्रतिजैविक-संवेदनशीलतेचा अहवाल जवळपास सारखा येतो, आणि संसर्ग नियंत्रण समितीसमोर लगेच प्रश्न उभा राहतो: एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जीवाणू गेला आहे, की दोघांच्या शरीरात आपापला वेगळा जीवाणू आधीपासूनच होता? विभागात नवे रुग्ण घेणे थांबवायचे की नाही, कर्मचाऱ्यांची तपासणी करायची की नाही, व्हेंटिलेटरच्या नळ्यांपासून हात धुण्याच्या बेसिनपर्यंत कुठे कुठे नमुने घ्यायचे, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते. ते शोधताना जगभरच्या प्रयोगशाळा ज्या सेवांचा आधार घेतात, त्यांत ऑक्सफर्ड विद्यापीठातून चालवला जाणारा पबएमएलएसटी हा डेटाबेस सर्वांत जुन्या आणि सर्वांत भरवशाच्या सेवांपैकी एक आहे. मी तो कामात नियमितपणे वापरते आणि त्याबद्दलचे माझे मत आधीच सांगून टाकते. दोन जीवाणू वेगळे आहेत असे या डेटाबेसच्या आधारे दिसले, तर त्यावर जवळजवळ निःशंकपणे विश्वास ठेवावा. दोन्ही एकाच प्रकारात बसले, तर मात्र तेवढ्यावर कोणताही निष्कर्ष काढू नये. या सेवेचे सारे सामर्थ्य आणि तिच्याबाबत होणारे बहुतेक गैरसमज या एका फरकातून निर्माण होतात.

ज्या पद्धतीवर हा डेटाबेस उभा आहे ती पद्धत, म्हणजे मल्टिलोकस सिक्वेन्स टायपिंग, १९९८ साली मार्टिन मेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेनिंजायटिसच्या जीवाणूसाठी प्रथम मांडली. त्याआधी प्रयोगशाळांचा मुख्य आधार पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस हा होता. त्यात जीवाणूच्या डीएनएचे तुकडे जेलवर वेगळे करून पट्ट्यांचा नमुना पाहिला जाई. एकाच प्रयोगशाळेत, एकाच जेलवर शेजारी शेजारी ठेवलेल्या नमुन्यांची तुलना त्याने उत्तम होत असे, पण एका देशातील जेलची छायाचित्रे दुसऱ्या देशातील छायाचित्रांशी ताडून पाहणे फार जिकिरीचे होते. नव्या पद्धतीने पट्ट्यांच्या जागी अक्षरे आणली. पेशीच्या मूलभूत कामांसाठी लागणाऱ्या साधारणपणे सात जनुकांचे ठरावीक तुकडे वाचायचे, प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक वेगळ्या रूपाला एक क्रमांक द्यायचा, आणि सात क्रमांकांच्या प्रत्येक वेगळ्या जुळणीला सिक्वेन्स टाइप, म्हणजेच एसटी, असा एक आकडा द्यायचा. डीएनएची अक्षरे कोणत्याही प्रयोगशाळेत वाचली तरी तीच येतात, त्यामुळे एसटी २५८ म्हटले की त्याचा अर्थ सगळीकडे एकच होतो. हे क्रमांक कोणीतरी एका ठिकाणी, एका हाताने दिले पाहिजेत, नाहीतर सगळी योजनाच कोसळते; आणि नेमके तेच काम पबएमएलएसटी करतो.

वापराच्या दृष्टीने सेवा साधी आहे. जनुकाचा क्रम चौकटीत चिकटवला किंवा संपूर्ण जीनोमची, म्हणजे जीवाणूच्या साऱ्या डीएनएची, जुळवलेली फाइल चढवली, की काही क्षणांत प्रत्येक जनुकाचे रूप आणि शेवटी एसटी समोर येतो. येथे नवख्या माणसाने एक गोष्ट नीट पाहावी. तंतोतंत जुळणी मिळाली नाही, तर हा डेटाबेस जवळात जवळचे रूप दाखवतो आणि किती अक्षरांचा फरक आहे तेही सांगतो. ही मदत आहे, उत्तर नव्हे. जवळच्या रूपाचा क्रमांक खरा मानून अहवालात लिहिणे ही गंभीर चूक ठरते, कारण एका अक्षराच्या फरकानेही रूप वेगळे होते आणि त्याला नवा क्रमांक मिळायला हवा. तो मिळवण्यासाठी खाते उघडून क्रम सादर करावा लागतो, आणि त्या प्रजातीचे क्युरेटर, म्हणजे नोंदी सांभाळणारे तज्ज्ञ, क्रमाचा दर्जा तपासूनच क्रमांक देतात. या मानवी तपासणीमुळे थोडी वाट पाहावी लागते, पण ती मला कधीच जाचक वाटलेली नाही. यंत्राच्या वाचनातील चुका नवे रूप म्हणून डेटाबेसमध्ये शिरू लागल्या असत्या, तर इतक्या वर्षांत हे क्रमांक निरर्थक झाले असते. ज्यांच्या नावाची फारशी चर्चा होत नाही अशा या क्युरेटरांच्या चिकाटीवर रुग्णालयीन संसर्गांच्या शास्त्राचा मोठा भाग उभा आहे.

या सगळ्यामागचे बीआयजीएसडीबी हे सॉफ्टवेअर कीथ जॉली यांनी विकसित केले असून २०१० मध्ये जॉली आणि मेडन यांनी त्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. ते मुक्त असल्यामुळे इतर संस्थांनीही स्वीकारले. क्लेब्सिएलाच्या नोंदी, उदाहरणार्थ, ऑक्सफर्डमध्ये नव्हे तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याच सॉफ्टवेअरवर ठेवल्या जातात. नव्या वापरकर्त्याला हा विखुरलेपणा काही काळ गोंधळात टाकतो. एकदा सवय झाली की चेहरामोहरा सारखाच असल्याने अडचण राहत नाही.

आणखी एका सुविधेचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण तिची माहिती अनेकांना नसते. रायबोसोमच्या प्रथिनांची ५३ जनुके पाहून जीवाणूची प्रजाती ओळखण्याची सोय येथे आहे. रुग्णालयातील नेहमीच्या चाचण्या ज्याला सरसकट क्लेब्सिएला न्यूमोनिए म्हणतात तो प्रत्यक्षात क्लेब्सिएला व्हारिइकोला असू शकतो, आणि असिनेटोबॅक्टर बाउमानी म्हणून नोंदवलेला जीवाणू त्याचा जवळचा भाऊबंद असिनेटोबॅक्टर नोसोकोमिॲलिस निघू शकतो. उद्रेकाचा शोध सुरू करण्यापूर्वी प्रजातीच वेगळी आहे हे कळले, तर पुढची सगळी धावपळ वाचते. जीनोम हाताशी असेल तेव्हा मी एसटीच्याही आधी हीच तपासणी करते.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे एसटीचा आकडा नेमके काय सांगतो याकडे. पहिली गोष्ट अशी की हे आकडे शोध लागण्याच्या क्रमाने दिलेले आहेत. एसटी २५८ आणि एसटी २५९ हे आकड्याने शेजारी आहेत म्हणून नात्याने शेजारी असतीलच असे नाही; उलट एसटी २५८ आणि एसटी ११ हे आकड्याने दूर असूनही सातपैकी केवळ टॉनबी या एका जनुकात वेगळे आहेत. कार्बापेनेम गटातील औषधे निकामी करणारे केपीसी हे विकर जगभर पसरण्यात ज्या वंशाचा सर्वांत मोठा वाटा राहिला तो हाच एसटी २५८. पुढे संपूर्ण जीनोम वाचले गेले तेव्हा त्याची उत्पत्ती अधिक थक्क करणारी निघाली. एसटी ११ सारख्या पूर्वजाच्या जीनोममध्ये एसटी ४४२ सारख्या वंशाकडून आलेला सुमारे ११ लाख अक्षरांचा, म्हणजे जवळपास एक पंचमांश जीनोमएवढा, तुकडा बसला आणि त्यातून हा संकरित वंश तयार झाला. सात जनुकांच्या चाचणीला या प्रचंड उलथापालथीची फक्त एक खूण दिसली: टॉनबीचा बदललेला क्रमांक. जीवाणूंची विविधता केवळ एकेका अक्षराच्या हळू बदलाने घडत नाही, मोठमोठ्या तुकड्यांच्या देवघेवीनेही घडते, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसरीकडे होते.

हा डेटाबेस जिथे सर्वांत उपयोगी ठरतो ती जागा म्हणजे संशय दूर करणे. विभागात एकाच वेळी स्यूडोमोनास एरुजिनोसाचे अनेक रुग्ण आढळले आणि त्यांचे एसटी सातपैकी चार-पाच जनुकांनी वेगळे निघाले, तर एकाच स्रोताचा उद्रेक ही कल्पना तिथेच मागे पडते आणि लक्ष दुसऱ्या शक्यतांकडे वळवता येते. क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिलबाबत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डशायरमधील अभ्यासाने या शक्यतेचे गांभीर्य दाखवून दिले. तिथे जीनोम तपासल्यावर ४५ टक्के रुग्णांचे जीवाणू त्याआधीच्या कोणत्याही रुग्णाच्या जीवाणूपासून १० पेक्षा जास्त अक्षरांनी वेगळे होते. ज्यांना सगळे रुग्णालयातच एकमेकांकडून लागण झालेले रुग्ण समजत होते, त्यांतील जवळपास निम्म्यांचा उगम वेगवेगळा होता. विविधता मोजल्याशिवाय फैलावाबद्दल बोलणे किती फसवे असते, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

उलट दिशेने मात्र हा आकडा तोकडा पडतो, आणि का पडतो हे साध्या हिशेबाने कळते. क्लेब्सिएला न्यूमोनिएचा जीनोम ५० लाखांहून अधिक अक्षरांचा असतो. सात जनुकांचे वाचले जाणारे तुकडे मिळून सुमारे ३,००० अक्षरे होतात. म्हणजे जीनोमच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी भाग आपण पाहिलेला असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पूर्ण जीनोममध्ये वर्षाकाठी दहाच्या आतबाहेर अक्षरे बदलतात असे मानले, तर ढोबळ हिशेबाने त्या सात तुकड्यांत एखादा बदल दिसायला सरासरीने शंभरेक वर्षे लागतील. उद्रेक मात्र आठवड्यांत आणि महिन्यांत घडतो. आडनाव एक असले म्हणून दोन माणसे एकाच घरातली ठरत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. आणि आडनाव जितके जास्त प्रचलित, तितका त्या जुळणीला अर्थ कमी.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या क्लिनिकल सेंटरमध्ये २०११ साली झालेला उद्रेक या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. केपीसी बाळगणाऱ्या क्लेब्सिएलाची बाधा असलेली पहिली रुग्ण घरी गेल्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण आढळला. पुढे एकूण १८ रुग्णांत हा जीवाणू सापडला; त्यांपैकी ११ जण दगावले, आणि त्यांतील ६ मृत्यूंना हा संसर्ग कारणीभूत मानला गेला. जीवाणू एसटी २५८ होता, आणि त्या काळी अमेरिकेतील केपीसीयुक्त क्लेब्सिएलाचा मोठा भाग त्याच प्रकाराचा होता. त्यामुळे पहिल्या रुग्णाकडूनच फैलाव झाला की दुसऱ्या कोणाकडून तोच वंश पुन्हा आत आला, हे एसटीच्या आकड्यावरून ठरवणे शक्यच नव्हते. संपूर्ण जीनोमची तुलना आणि रुग्ण कधी कोणत्या खोलीत होते याच्या नोंदी एकत्र केल्यावर पहिल्या रुग्णापासून फैलावाच्या वेगवेगळ्या साखळ्या सुरू झाल्याचे दिसले.

याच्या उलट उदाहरणही तितकेच बोलके आहे. केंब्रिजमधील नवजात बालकांच्या विभागातील एमआरएसएच्या, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या, उद्रेकाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथला जीवाणू एसटी २३७१ या नव्या प्रकाराचा होता, जो एसटी २२ या सर्वपरिचित वंशाशी जवळचे नाते सांगतो. प्रकार दुर्मीळ असल्यामुळे जुळणीलाच वजन आले. शेवटचा बाधित रुग्ण विभागातून गेल्याला ६४ दिवस लोटल्यावर त्याच वंशाचा जीवाणू नव्या बाळात सापडला, आणि मग कर्मचाऱ्यांची तपासणी करून एका कर्मचाऱ्यामध्ये त्याचे वास्तव्य असल्याचे उघड झाले. जीनोमने ते नाते पक्के केले. म्हणून एसटी जुळल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा की तो प्रकार आसपास किती प्रचलित आहे.

तो प्रश्न घेऊन अनेकजण याच डेटाबेसमधील आयसोलेटच्या, म्हणजे नमुन्यांतून वेगळ्या केलेल्या एकेका जीवाणूच्या, नोंदींकडे जातात, आणि इथे मी त्यांना थांबवीन. अमुक एसटीच्या इतक्या नोंदी आहेत म्हणून तो प्रकार तितका पसरलेला आहे, असा अर्थ काढता येत नाही. लोक नव्या प्रकारांना क्रमांक मिळावा म्हणून नोंदी सादर करतात. नेहमीचे प्रकार सादर करण्याचे कष्ट थोडेच लोक घेतात. ज्या देशांत सिक्वेन्सिंग स्वस्त आणि सहज आहे तिथल्या नोंदी जास्त आहेत. शिवाय बऱ्याच नोंदींत जीवाणू कोणत्या नमुन्यातून मिळाला, रुग्ण दाखल होऊन किती दिवस झाले होते, ही रुग्णालयीन संसर्गासाठी अत्यावश्यक माहिती रिकामी असते. हा दोष सेवा चालवणाऱ्यांचा नाही, नोंदी पाठवणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे. पण परीक्षणात तो सांगितलाच पाहिजे.

माझी खरी तक्रार असिनेटोबॅक्टर बाउमानीबद्दल आहे. या एका जीवाणूसाठी दोन स्वतंत्र योजना चालू आहेत, ऑक्सफर्ड आणि पाश्चर, आणि दोन्ही पबएमएलएसटीवर शेजारी शेजारी आहेत. दोन्हींत सात जनुके आहेत, पण त्यांतील मोजकीच सामाईक आहेत, त्यामुळे एकाच जीवाणूला दोन निरनिराळे एसटी मिळतात. जगातील रुग्णालयांत सर्वाधिक पसरलेला आंतरराष्ट्रीय क्लोन २ हा वंश पाश्चर योजनेत साधारणपणे एसटी २ म्हणून दिसतो; ऑक्सफर्ड योजनेत तोच एसटी १९५, एसटी २०८ आणि अशा बऱ्याच आकड्यांत विभागला जातो. ऑक्सफर्ड योजना अधिक बारकाईने भेद करते असे म्हणून तिची बाजू घेतली जाते. पण त्या बारकाव्याचा काही भाग संशयास्पद आहे. तिच्यातील जीडीएचबी या जनुकाची दुसरी, थोडी वेगळी प्रत अनेक जीवाणूंत आढळते, त्यामुळे जीनोममधून नेमकी कोणती प्रत वाचली यावर आकडा बदलू शकतो. जीपीआय हे दुसरे जनुक कवचाच्या जनुकांशेजारी असल्याने त्या भागातील देवघेवीत तेही ओढले जाते. म्हणजे आरंभी मी जो विश्वास व्यक्त केला, की वेगळे आकडे म्हणजे वेगळे जीवाणू, त्याला इथे अपवाद करावा लागतो. ही उणीव अभ्यासकांना ठाऊक आहे, पण घाईत असलेल्या रुग्णालयातील माणसाला ती निकालाच्या पानावरच, ठळक अक्षरांत, दिसायला हवी. प्रसिद्ध होणाऱ्या कित्येक अहवालांत नुसता एसटी लिहिलेला असतो आणि योजनेचे नावच नसते. असा आकडा वाचणाऱ्याच्या काहीही कामाचा नसतो. ई. कोलायबाबतही दोन योजना आहेत, आणि सर्वपरिचित एसटी १३१ पाश्चर योजनेत एसटी ४३ होतो, पण तिथे अख्टमन योजनेचेच आकडे सर्रास वापरले जात असल्याने गोंधळ तुलनेने कमी आहे.

एंटेरोकॉकस फीशियमने वेगळाच पेच उभा केला. रुग्णालयात पसरणाऱ्या काही वंशांनी योजनेतील पीएसटीएस हे जनुक चक्क गमावले. जे जनुक सर्वांत असणारच असे गृहीत धरले होते तेच नसेल तर आकडा द्यायचा कसा? डेटाबेसने त्या जागी शून्य हा क्रमांक मान्य करून असे प्रकार नोंदवले. हा मार्ग व्यवहार्य आहे, पण सात जनुकांची निवड ज्या काळी झाली त्या काळच्या मोजक्या नमुन्यांवर ती बेतलेली होती, हेही त्यातून उघड होते.

यावर उपाय म्हणून आता गाभा-जीनोमच्या, म्हणजे प्रजातीच्या जवळजवळ सर्व जीवाणूंत असणाऱ्या जनुकांच्या, योजना आल्या आहेत, ज्यांत सातऐवजी हजारो जनुके पाहिली जातात: स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी १,८६१, एंटेरोकॉकस फीशियमसाठी १,४२३, असिनेटोबॅक्टर बाउमानीसाठी २,३९० अशा योजना प्रसिद्ध झाल्या आहेत. उद्रेकाच्या शोधासाठी हीच योग्य पातळी आहे. दुर्दैवाने त्यांची क्रमांकव्यवस्था निरनिराळ्या संस्थांकडे विखुरलेली आहे, आणि सात जनुकांच्या योजनेने जी एकवाक्यता मिळवली होती ती इथे अजून आलेली नाही. पबएमएलएसटीमधील जीनोम तुलनेचे साधन आणि ग्रेपट्रीसारखे आलेख यांमुळे लहानशा संचाची तुलना तिथल्या तिथे करता येते, हे मात्र आवर्जून सांगते. किती जनुकांचा फरक म्हणजे एकच उद्रेक, ही मर्यादा प्रजातीनुसार आणि काळाच्या अंतरानुसार बदलते. कोणताही तयार आकडा डोळे मिटून लावू नये.

शेवटी प्लाझ्मिडचा, म्हणजे जीवाणूतील मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएचा मुद्दा, जो जीवाणूच्या एसटीच्या कक्षेबाहेरच राहतो. केपीसी, एनडीएम, ऑक्सा-४८ ही विकरे तयार करणारी जनुके बहुधा प्लाझ्मिडवर बसून एका जीवाणूतून दुसऱ्यात जातात, कधी प्रजातीची सीमाही ओलांडतात. व्हर्जिनियातील एका रुग्णालयात केपीसीच्या पहिल्या पाच वर्षांचा मागोवा घेतला तेव्हा हे जनुक १३ प्रजातींत आणि ६२ वेगवेगळ्या स्ट्रेनमध्ये पोहोचलेले दिसले. अशा ठिकाणी फक्त एसटी पाहणारा माणूस सगळे वेगळे आहेत, उद्रेक नाही, असे समाधान मानून मोकळा होईल आणि प्लाझ्मिडचा उद्रेक त्याच्या डोळ्यांसमोर चालू राहील. जीवाणू वेगळे आहेत हे त्याचे उत्तर बरोबरच असेल. प्रश्न मात्र अपुरा असेल. प्रतिरोधाची जनुके पाहण्यासाठी कार्डसारखा डेटाबेस आणि क्लेब्सिएलासाठी क्लेबोरेट हे साधन सोबत वापरावे. पॅथोजेनवॉच या संकेतस्थळावर जीनोम चढवला तर एसटी, प्रतिरोध आणि वंशवृक्ष एकत्र मिळतात, आणि ज्यांच्याकडे संगणकशास्त्राचा जाणकार नाही अशा प्रयोगशाळांना मी तीच वाट सुचवते. तिथला एसटीही अखेर याच क्युरेट केलेल्या योजनांवर आधारलेला असतो.

ज्या प्रयोगशाळा पबएमएलएसटी वापरणार आहेत त्यांनी अहवालात चार गोष्टी अवश्य लिहाव्यात: योजनेचे नाव, डेटाबेस पाहिल्याची तारीख, सातही जनुकांचे क्रमांक आणि जुळणी तंतोतंत होती की नाही. नवे रूप सापडले तर ते सादर करावे, आणि रुग्णाची ओळख पटेल असे काहीही न देता नमुन्याचा प्रकार, वर्ष आणि संसर्ग रुग्णालयात झाला की बाहेर, एवढे तरी भरावे. नेहमीच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या एसटींच्या नोंदीही पाठवाव्यात, कारण सध्या सर्वांत मोठी उणीव त्यांचीच आहे.